उसवण

महाविद्यालयातल्या मराठी विभागाच्या खोलीत मधल्या सुटीत दोन प्राध्यापिका लोकरीचा गुंडा मध्ये ठेवून, माना खाली घालून, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत बसल्या आहेत, हे दृश्य प्रथम पाहणाऱ्या सहकाऱ्याने जो उद्गार काढला तो इथे लिहिण्याजोगा नाही. आशय मात्र वाचकांच्या परिचयाचा आहे. मुलांना पाढे लिहायला लावून स्वतः खुर्चीत स्वेटर विणत बसणाऱ्या बाई ही आपल्याकडच्या विनोदाची जुनी मिरास आहे. त्या विनोदाला आम्ही दोघीही आजवर मोकळेपणाने हसत आलो. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्याच विनोदातले पात्र व्हायची पाळी आपल्यावर येईल, असे काही वाटले नव्हते.

त्यातून गाव वर्धा. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि थंडी म्हणावी अशी थंडी डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने. मुलूख कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. लोकर मात्र इथली कधीच नव्हती. ती लुधियान्याहून येते आणि बहुतेक वेळा मेंढीच्या अंगावरून आलेलीही नसते, अॅक्रिलिकची असते. सूत कातण्यासाठी ज्या गावाचे नाव देशभर झाले, त्या गावात राहून आम्ही लोकर विणायला शिकत होतो. हे विसंगत आहे हे आम्हाला कळत होते. ते तितकेसे विसंगत नव्हते हे नंतर कळले.

कारण सांगतो. आमच्यापैकी एकीची आई (दुसरी गेली पंधरा वर्षे तिला आईच म्हणते) ही निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय एक्याऐंशी. गेली चार वर्षे तिची स्मृती ओसरत चालली आहे. आधी नावे गेली, मग नाती गेली, मग घरातल्या खोल्या गेल्या. आता ती आम्हा दोघींनाही ‘बाई’ म्हणते, म्हणजे आपल्या शाळेतल्या सहशिक्षिका समजते, आणि दुपारी चार-साडेचारला ‘बाई, शाळा सुटली का?’ असे विचारते. आम्ही शिक्षिका आहोतच, त्यामुळे उत्तर देताना फारसे खोटे बोलावे लागत नाही. अडचण होती ती हातांची. तिचे हात दिवसभर अस्वस्थ असत. पदराचे टोक, चादरीची किनार, वर्तमानपत्राची घडी, जे सापडेल ते ती कुरतडल्यासारखी करी. डॉक्टर म्हणाले, हातांना सवयीचे काम द्या.

सवयीचे काम म्हणजे विणकाम, यात शंका नव्हती. आमच्या लहानपणी घरात असे एकही मूल नव्हते की ज्याने तिच्या हातचे टोपडे घातले नव्हते. शाळेतल्या चार सहशिक्षिकांच्या बाळंतपणांचे पायमोजे तिने विणले होते. म्हणून बाजारात जाऊन आम्ही दहा नंबरच्या सुया आणि निळ्या लोकरीचे दोन गुंडे आणले आणि तिच्या मांडीवर ठेवले. तिने सुया हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या, एक सुई फळ्यावर अक्षरे दाखवायच्या छडीसारखी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. टाके घालणे ही विणकामाची पहिली क्रिया तिच्या हाताबाहेर गेली होती. सुरुवात हरवली होती. कोणी टाके घालून, चार ओळी विणून दिल्या तर पुढचे तिचे हात कदाचित ओळखतील, असा आम्ही तर्क केला. पण टाके घालून देणार कोण? आम्हा दोघींपैकी कोणालाच विणता येत नव्हते.

येत नव्हते म्हणजे शिकलो नव्हतो. आणि शिकलो नव्हतो हा अपघात नव्हता. अकरावीच्या सुटीत आईने एकीला जवळ बसवून सुलट-उलट दाखवायला घेतले होते. दोन दिवसांनी लेकीने सुया टेबलावर ठेवल्या आणि ‘हे बायकी काम मला शिकायचं नाही’ असे सांगितले. आईने वाद घातला नाही. त्या सुयांवरचे टाके स्वतःच्या सुयांवर घेऊन तिने पुढे विणायला सुरुवात केली. पुढे एम.ए.च्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून स्त्रीवादी समीक्षेवर एक निबंध लिहिला. त्यात भरतकाम-विणकाम म्हणजे स्त्रीच्या मोकळ्या वेळावर घरव्यवस्थेने बसवलेला पहारा आहे, असे एक वाक्य होते. त्या वाक्याला प्राध्यापकांनी समासात बरोबरची खूण केली होती. ते विधान सर्वस्वी चूक होते असे आजही आम्हाला वाटत नाही. पण ते लिहिताना ज्या कामाविषयी लिहीत आहोत ते आपल्याला करता येत नाही, याचे भान आम्हाला नव्हते आणि कोणी ते विचारलेही नाही.

प्रथम पुस्तकावरून प्रयत्न केला. पुस्तकावरून काहीही शिकता येते अशी आमच्या व्यवसायातल्या लोकांची समजूत असते. रद्दीतून एक जुने विणकामाचे पुस्तक मिळाले. त्यातल्या सूचना पाणिनीच्या सूत्रांइतक्या आटोपशीर: ‘२ सु., २ उ., फुलीपासून पुन्हा.’ सूत्र होते, वृत्ती नव्हती. सुई टाक्यात कोणत्या बाजूने घालायची याची आकृती होती, पण त्या आकृतीतल्या हाताला मनगट नव्हते. तीन संध्याकाळी गेल्या. वीस टाके घातले होते, ते सातव्या ओळीत सत्तावीस झाले. वाढलेले सात कुठून आले हे आम्हाला सांगता येईना.

ते सांगितले एका विद्यार्थिनीने. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातून एस.टी.ने येणारी मुलगी. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींच्या घोळक्यात बसून ती क्रोशाने लोकरीचे तोरण करत असलेली आम्ही पाहिली होती. बोलावले तेव्हा ती घाबरली. कशासाठी बोलावले हे कळल्यावर आणखीच घाबरली. मग आमचा तुकडा हातात घेऊन तिने उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “मॅडम, ओळ सुरू करतानी लोकर सुईवरून मांगं जाऊन राह्यली. मंग एका टाक्याचे दोन पाय दिसते, न तुम्ही दोनी विणता.” झाले. ओळीच्या आरंभी लोकर सुईवरून ओढली गेली की पहिल्या टाक्याखालचे दोन्ही धागे वर येतात आणि एकाचे दोन भासतात. सात ओळी, सात टाके. तीन संध्याकाळचे कोडे तिने एका वाक्यात सोडवले.

नंतर तिने जे केले ते आम्हाला आवडले नाही. सुई बाहेर ओढली, टोक धरले आणि सबंध तुकडा चार झटक्यांत उसवून टाकला. “उसवल्याबिगर नाही येत जी,” ती म्हणाली.

तिच्या शिकवण्याविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आम्ही वीस वर्षे शिकवण्याचाच पगार घेत आहोत. पहिली गोष्ट म्हणजे ती आमच्या समोर बसली नाही, शेजारी बसली. समोर बसले की तिचा उजवा हात आमच्या डाव्या बाजूला येतो आणि शिकणाऱ्याला सगळे मनातल्या मनात उलटे करून घ्यावे लागते. शेजारी बसले की हात हातासारखा दिसतो. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांच्या समोर उभ्या राहिलो. दुसरी गोष्ट, ती फार कमी बोलली. सुलट टाका म्हणजे लोकर मागे ठेवून सुई टाक्यात समोरून मागे घालायची, वेढा घ्यायचा, तो टाक्यातून पुढे ओढायचा आणि जुना टाका सुईवरून सोडायचा. उलट म्हणजे लोकर पुढे आणि सुई मागून पुढे. आम्ही इथे लिहिला आहे तेवढाही मजकूर तिने उच्चारला नाही. आम्ही चुकलो की ती फक्त बोट ठेवी. एकदाच ती आपणहून बोलली: “लोकर ओढू नका जी, तिले येऊ द्या. काहून एवढ्या घट्ट धरता?” आम्ही सुई पेनासारखी धरत होतो आणि टाका परीक्षकाच्या शेऱ्यासारखा आवळत होतो. तिसऱ्या दिवशी बोटे दुखेनाशी झाली.

ही मुलगी आमच्या वर्गात तीन वर्षे मागच्या बाकावर बसत होती. तिला तोंडी परीक्षेत वीसपैकी नऊ गुण दिल्याचे आमच्या नोंदवहीत निघाले. शेरा होता: ‘अभिव्यक्ती कमकुवत’. शेऱ्यावरचे अक्षर आमच्यापैकी एकीचे आहे. कोणाचे ते आम्हाला माहीत आहे आणि इथे ते महत्त्वाचे नाही. मुलीला आम्ही हे सांगितले नाही. सांगायला हवे होते.

ज्या भूमीत हे घडले तिचा विचार केला तर आमची शरम अधिकच वाढते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्ध्यात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, ती शिक्षण परिषद भरली होती. मुलाचे शिक्षण हाताच्या उद्योगातून व्हावे, विषय उद्योगाला जोडून घ्यावेत, हा विचार तिथे मांडला गेला. त्यावर झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ सुरू झाली. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती चालवली. बी.एड. करताना आम्ही यावर दहा गुणांचे उत्तर लिहिलेले आहे. पुढे ही योजना सरकारी शाळांतून कशी विरली याची कारणेही त्या उत्तरात होती, क्रमांक घालून. हाताला काही कळते आणि ते कळणे तोंडाच्या कळण्याहून वेगळे असते, हा त्या उत्तराचा गाभा आम्हाला मुखोद्गत होता. म्हणजे तोंडालाच ठाऊक होता.

असो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला पाचसहा ओळी न चुकता विणता येऊ लागल्या. नवशिक्याला लवकर कळणाऱ्या दोनतीन गोष्टी अशा. सगळ्या ओळी सुलट विणल्या की जाड, दोन्ही बाजूंनी सारखी, आडव्या वळ्यांची वीण होते. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली की बाजारातल्या स्वेटरसारखी गुळगुळीत बाजू मिळते, पण तिच्या कडा गुंडाळल्या जातात. आम्हाला ती आपली चूक वाटली आणि दोनदा उसवले. ती चूक नव्हती, त्या विणीचा स्वभावच तसा असतो. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट घेतले की रबरासारखी ताणणारी पट्टी होते, ती गळ्याला आणि मनगटाला. सुयांचे नंबर इंग्रजी पद्धतीचे असल्यामुळे उलटे चालतात: आठ नंबरची सुई जाड, बाराची बारीक. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की टाके दोन नाहीतच. सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट असतो. सोस्यूरने भाषेला कागदाच्या दोन पृष्ठभागांची उपमा दिली आहे. एक बाजू कापावी तर दुसरी कापली जातेच. ती उपमा आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. लोकरीत ती जास्त चांगली समजते असे आमचे मत आहे.

इथे मराठीच्या मास्तरांचा एक नाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोनच टाके आणि त्यांच्या क्रमातून सगळे नमुने, हे पाहिल्यावर आम्हाला लघु-गुरू आठवणे अपरिहार्य होते. उलट म्हणजे लघु, सुलट म्हणजे गुरू असे धरून आम्ही एका रविवारी बारा टाक्यांवर भुजंगप्रयात विणायला घेतले: चार य-गण, एक उलट, दोन सुलट. पहिली ओळ छान उतरली. परतीच्या ओळीत घोटाळा झाला. तुकडा फिरवल्यावर शेवटचा टाका पहिला होतो आणि पुढचा सुलट मागून उलट दिसतो. म्हणून उभ्या रेघा जुळवायच्या तर परतताना दोन उलट, एक सुलट असे विणावे लागते. ल ल ग. म्हणजे स-गण, आणि चार स-गण म्हणजे तोटक. भुजंगप्रयाताची पाठ तोटक असते, हा शोध वृत्तशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आमच्या वाचनात आलेला नाही. विद्यार्थिनीला हे उत्साहाने सांगितले तेव्हा तिने तुकडा पाहिला आणि म्हणाली, “हे तं गळ्याची पट्टी झाली जी.”

तो बारा टाक्यांचा तुकडा, सुया तशाच ठेवून, आम्ही आईच्या हातात दिला.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग उजव्या हाताची तर्जनी पुढे आली, लोकर तिच्यावर चढली आणि चार टाके पडले. चार टाके पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला. आमच्याहून तिप्पट वेगाने. नंतर ती थांबली, कुठे आहोत हे विसरल्यासारखी. आम्ही काही बोललो नाही. पुन्हा दोन टाके. त्या संध्याकाळी तिने एकूण दोन ओळी विणल्या. भुजंगप्रयात अर्थातच मोडले, सगळे सुलट झाले. लेक आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

डिसेंबर असा गेला. रोज रात्री आम्हा दोघींपैकी एक टाके घालून चार ओळी विणून ठेवी आणि दिवसा आई त्यात भर घाली. कधी दहा ओळी, कधी अर्धी. टाके निसटत. निसटलेला टाका ओळीओळीने खाली शिडीसारखा उतरत जातो. तो क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणायला विद्यार्थिनीने शिकवले, आणि हे एकच काम आम्हाला तिच्याइतके चांगले जमू लागले. एकदा नवा तुकडा घालताना सहज विचारले, “आई, किती टाके घालू?” ती लगेच म्हणाली, “सहाशे चाळीस.” आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी विचारले, पुन्हा सहाशे चाळीस. आकडे भरकटतात, असे डॉक्टरांनी सांगितलेलेच होते.

जानेवारीच्या मध्यावर विणणे थांबले. एका सकाळी सुया बाजूला ठेवलेल्या होत्या आणि आई लोकरीचे टोक धरून ओढत होती. तुकडा तिच्या मांडीवर लहान लहान होत चालला होता. आम्ही धावत जाऊन तो काढून घेतला. ती रागावली. गेल्या चार वर्षांत तिला इतके रागावलेले आम्ही पाहिले नव्हते. शेवटी परत दिला. ती पुन्हा शांतपणे उसवू लागली.

त्या दिवशी महाविद्यालयात ‘मिमेसिस’मधले शेवटचे प्रकरण शिकवायचे होते. आउअरबाखने इस्तंबूलच्या विजनवासात लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण एका तपकिरी मोज्याविषयी आहे. व्हर्जिनिया वूल्फच्या ‘टु द लाइटहाउस’मध्ये मिसेस रॅम्से दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी मोजा विणत असते आणि आपल्या मुलाच्या पायाला लावून त्याची लांबी पाहते. मोजमाप काही क्षणांचे. त्या क्षणांत किती मने, किती काळ वाहून जातात हे आउअरबाख दाखवतो. आम्ही हे प्रकरण अनेकदा शिकवले आहे आणि प्रत्येक वेळी मोज्यावरून चटकन काळाकडे गेलो आहोत. यंदा मोज्यापाशी थांबलो. तो आखूड पडला होता. त्या रात्री तो पुरा होणार नाही असे ती स्वतःच म्हणते, आणि पुढच्या भागात तिचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात येतो. वर्गात आम्ही एवढेच सांगितले की मोजा आखूड पडला म्हणजे विणकाम संपलेले नाही, आणखी ओळी हव्यात. विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतले. कशासाठी ते देव जाणे.

घरी आलो तेव्हा आईने संपूर्ण तुकडा उसवला होता आणि निघालेली लोकर डाव्या हाताच्या अंगठ्यातून कोपराखालून पुन्हा अंगठ्यात अशी गुंडाळत होती. ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकले: एकवीस, बावीस, तेवीस. तीसच्या पुढे आकडे चुकत, पुन्हा एकवीसवर येत. पण हात चुकत नव्हता. प्रत्येक वेढा सारख्या लांबीचा होता. मध्येच ती थांबली, उजव्या हाताची तीन बोटे एकत्र करून तिने हवेत एक गिरकी दिली आणि डावा हात हळूहळू वर उचलत नेला. पुन्हा गिरकी, पुन्हा हात वर.

ही हालचाल वर्ध्याच्या माणसाला ओळखता येऊ नये, हे लाजिरवाणे आहे. पण आम्हाला काही क्षण लागले. ती टकळी होती. हातात नसलेली टकळी. उजवा हात चातीला पीळ देत होता आणि डाव्या हातातल्या, तिथे नसलेल्या पेळूतून सूत निघत होते. आई १९५० च्या सुमाराला सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेत जात होती. तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि शाळेत सूतकताईचा तास असे. १२ फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत सोडल्या त्या तिथीला, तिथे सूतांजली वाहिली जाते. शाळेबरोबर आपली गुंडी घेऊन पायी पवनारला गेल्याचे ती आम्हाला लहानपणी सांगत असे आणि आम्ही लक्ष देत नसू. गुंडी म्हणजे किती सूत? चार फुटांची एक तार, आणि एका गुंडीच्या तारा सहाशे चाळीस.

तो आकडा भरकटलेला नव्हता. किती टाके, हा आमचा प्रश्न ती किती तारा, असा ऐकत होती. तिने उत्तर बरोबर दिले होते.

मग तिचे उसवणेही आम्हाला वेगळे दिसू लागले. आम्ही समजत होतो की ती विणलेले नाहीसे करते आहे. तिच्या लेखी ती सूत भरत होती. विणकाम तिने तिशीत, नोकरी लागल्यावर, सहशिक्षिकांकडून उचलले होते. कातणे आठव्या वर्षी. उतरताना आधी वरचा थर उतरला आणि खालचा उघडा पडला, असे काहीसे झाले असावे. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, असे होते.

समीक्षेत आपण अर्थ ‘उलगडतो’, ‘उकलतो’. अर्थ ‘उसवला’ असे कोणी लिहीत नाही, कारण उसवण्यात हानी आहे असे भाषेने धरलेले आहे. पण कापड आणि लोकरीची वीण यांत फरक आहे आणि मराठी तो करत नाही. बाज, टोपली, जाळे, धोतर, स्वेटर, आपण सगळेच विणतो. कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना धरून असतात. स्वेटरमध्ये धागा एकच. प्रत्येक फासा मागच्या फाशातून आलेला. म्हणून बंद केलेले टोक सोडले की सबंध वस्तू पुन्हा सलग धागा होते, तुटत काही नाही. जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन, ओल्या लडीला खाली वजन बांधून वाळवले की तिच्यातली कुरळी लाट बरीचशी जाते आणि नवा स्वेटर विणता येतो. आईने आमच्या वाढत्या अंगांसाठी हे कैक वेळा केले होते. ग्रंथ, निबंध, प्रबंध, संदर्भ या आपल्या शब्दांच्या मुळाशी गाठी मारणे, बांधणे, ओवणेच आहे, हे आम्ही व्युत्पत्तीच्या तासाला सांगतो. सोडण्यासाठी विषय म्हणून कधी तास घेतलेला नाही.

फेब्रुवारीपासून आमच्या घरचा क्रम असा आहे. रात्री आम्ही विणतो, सकाळी आई उसवते, संध्याकाळी लोकर लडीच्या रूपात परत येते. पेनेलोपी दिवसा विणी आणि रात्री उसवी, तीही फसवणूक करण्यासाठी. आमच्याकडे पाळ्या बदलल्या आहेत. फसवणूक आहे की नाही, यावर मात्र आम्हा दोघींत एकमत नाही. लेकीचे म्हणणे असे की आपण तिला खोटे काम देतो आहोत. ज्या बाईने आयुष्यभर उपयोगाच्या वस्तू केल्या तिच्या हाती उसवण्यासाठीच विणलेले काही देणे हा तिचा अपमान आहे. दुसरीचे म्हणणे असे की सहाशे चाळीस तारा भरणे हे खोटे काम नव्हे, आणि वस्तू उरली नाही तरी काम झालेले असते. आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो त्याची तरी कोणती वस्तू उरते? यावर पहिली म्हणते की हे उत्तर सोयीचे आहे. ते सोयीचे आहे हे खरेच आहे. वाद रात्री विणताना चालतो, त्यामुळे टाके चुकतात.

आता मार्च लागला आहे. दुपारी लोकर घामट बोटांना चिकटते, शिवाय तीच लोकर इतक्या वेळा विणली-उसवली गेली आहे की तिचे तंतू सुटू लागले आहेत. विद्यार्थिनी परीक्षेच्या गडबडीत एक दिवस घरी आली, लोकर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जाड सुती दोऱ्याचा गुंडा घेऊन आली. सुताला लोकरीसारखी ओढ नसते, टाका सैल पडला की सैलच राहतो; त्यामुळे आमची वीण पुन्हा पहिल्या आठवड्यासारखी वेडीवाकडी होऊ लागली आहे. तिने आमच्या शेजारी बसून एक ओळ विणून दाखवली. आई समोरच बसली होती. गुंड्याचे सुटे टोक तिने ओढून घेतले, दोन बोटांत धरून उलटे फिरवले, धागा उकलतो किती ते पाहिले आणि मुलीच्या हातात परत दिले.

“पीळ कमी आहे,” ती म्हणाली. “पुन्हा कातून आण.”

मुलीने आमच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “हो बाई.”